गप्प बसलेली लाइन कोणाची?

बँकेची शाखा आणि मुख्य संगणक यांच्यामध्ये डायल होणारी डिजिटल लाइन असायची, म्हणजे आयएसडीएन, त्या काळात राउटरला एक निर्णय दिवसभर घ्यावा लागे. लाइनवरून बराच वेळ काही गेलं नाही तर कॉल तोडायचा की धरून ठेवायचा? आयडल टाइमआउट नावाचं एक छोटं घड्याळ हे काम करायचं. इंजिनिअर मंडळी याला सेटिंग म्हणतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. पैसे कोणी भरायचे आणि खोळंबा कोणी सोसायचा, हे त्या घड्याळात ठरलेलं असतं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. वहिनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका बँक शाखेत आधी काउंटरवर, मग अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झाल्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. 2000च्या आसपासच्या वर्षांत, तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आसपासच्या तालुक्यांत, शाखांचे राउटर बसवत फिरत. माणसं काल्पनिक आहेत, पण राउटर कसे वागतात ते आणि त्यांचे आकडे खरे आहेत.

वहिनी: भाऊजी, तुमच्या राउटरमुळे माझ्या काउंटरवर रांग लागायची, हे मी आजही म्हणते. दोन मिनिटं कोणी काही टाइप केलं नाही की तो लाइन सोडून मोकळा. पुढचा माणूस पासबुक सरकवतो, मी खाते क्रमांक टाकते आणि पडदा हलत नाही. माणूस समोर उभा आहे, मी खुर्चीत आहे. मग लाइन रिकामी आहे हे ठरवलं कोणी?

भाऊजी: मी ठरवलं, आणि कारणानं ठरवलं. आयएसडीएन हे शेवटी टेलिफोनचंच जाळं, वहिनी. तुमच्या शाखेत जी बीआरआय जोडणी होती, तिच्यात 64 किलोबिटचे दोन बी चॅनल आणि 16 किलोबिटचा एक डी चॅनल. कॉल लावायची आणि तोडायची बोलणी डी चॅनलवर व्हायची, तुमचे व्यवहार बी चॅनलवरून जायचे. बी चॅनल उघडला की एक्स्चेंजमध्ये मीटर सुरू. त्यावरून काही जावो न जावो. रिक्षा दारात उभी ठेवली तरी वेटिंग पडतं ना, तसं. आणि दुसरा बी चॅनल जोडीला उघडला तर तो दुसरा कॉल, त्याचं मीटर वेगळं. तुमची रोजची लाइन लीज्ड होती, तिला मीटर नव्हतं. रस्ता खोदताना केबल तुटली की आयएसडीएन बॅकअपला यायची. तेव्हाच हा प्रश्न.

वहिनी: तेव्हाच म्हणजे पावसाळ्यात आणि रस्त्याचं काम निघालं की आठवडेच्या आठवडे. आणि मीटरचं मला सांगू नका, शाखेचं टेलिफोन बिल मीच पास करायचे. वाळूज ते शहरातलं विभागीय कार्यालय, कॉल स्थानिक. स्थानिक कॉलचा पल्स तीन मिनिटांचा. आता दुपारची वेळ घ्या. एकच काउंटर चालू, अडीच मिनिटाला एक व्यवहार, तासाला चोवीस. प्रत्येक व्यवहारानंतर दोन मिनिटांनी तुमचा राउटर फोन ठेवणार, अर्ध्या मिनिटानं पुन्हा लावणार. तासाला चोवीस कॉल, चोवीस पल्स. लाइन तासभर उघडी ठेवली असती तर पल्स वीस. काटकसर कुठे झाली?

भाऊजी: हिशेब बरोबर आहे. 120 सेकंद हा सिस्कोच्या राउटरचा मूळ आकडा. काही लिहिलं नाही तर तोच चालतो. पल्स तीन मिनिटांचा असेल तर दोन मिनिटांनी लाइन सोडणं म्हणजे पैसे भरलेलं एक मिनिट टाकून देणं. युरोपात काही ठिकाणी यावर तोड होती. एक्स्चेंजच डी चॅनलवरून राउटरला आकारणीची खबर द्यायचं, मग राउटर पल्स संपण्याच्या थोडं आधी बघायचा, काही चाललंय का. नसेल तरच सोडायचा. आपल्याकडे पल्स पाहून आकडा हातानं घालावा लागला असता.

वहिनी: मग घातला का नाही?

भाऊजी: कारण माझं लक्ष दुपारकडे नव्हतं, रात्रीकडे होतं. लाइन धरून ठेवण्यात खरा धोका रात्री असतो. शाखेला कुलूप लागलंय, आत पीसी चालू राहिलेत. विंडोजचं मशीन मधूनच ओरडतं, शेजारी कोण आहे म्हणून. कुणी नावाचा पत्ता विचारतं, कुणी घड्याळ जुळवतं, अँटिव्हायरस नवी फाइल मागतो. राउटर स्वतः आरआयपी बोलत असेल तर दर 30 सेकंदांनी आपल्या मार्गांचा नकाशा पलीकडे पाठवतो. यातल्या प्रत्येक पॅकेटनं घड्याळ शून्यावर आलं, तर 120 सेकंद कधी पुरेच होणार नाहीत. लाइन सकाळपर्यंत उघडी आणि व्यवहार एकही नाही. अशी बिलं पुष्कळ ठिकाणी आली. तुमच्या चोवीस आणि वीसचा फरक त्यापुढे काहीच नाही.

वहिनी: म्हणजे मशीन बोलली तर लाइन जागी, आणि मी समोरच्याची सही तपासत गप्प बसले तर लाइन रिकामी.

वहिनींचं हे वाक्य मला सगळ्या वादाचं मर्म वाटतं. शांतता मोजणारं घड्याळ माणसाचं काम मोजत नाही. काउंटरवरचं काम बरंचसं शांततेतच होतं: सही पडताळणं, नोटा मोजणं, म्हाताऱ्या माणसाला दोनदा समजावून सांगणं. त्यातलं काहीही तारेवरून जात नाही.

भाऊजी: म्हणूनच राउटरला फक्त घड्याळ नव्हतं, यादी होती. डायलर लिस्ट. कोणतं पॅकेट इंटरेस्टिंग आणि कोणतं नाही, हे आम्ही लिहून द्यायचो. इंटरेस्टिंग पॅकेट आलं तरच कॉल लागतो, आणि त्यानंच घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. बाकीच्याला मनाई नाही. लाइन उघडी असेल तर तेही जातं, पण त्याच्यासाठी लाइन उघडत नाही की टिकत नाही. बँकेचा व्यवहार आणि छपाई इंटरेस्टिंग, विंडोजची आरडाओरड आणि आरआयपी नाही. सगळी कला त्या यादीत होती. शिवाय मुळात राउटर फक्त बाहेर जाणारी पॅकेट मोजायचा. पलीकडून एकतर्फी काही येत असेल आणि इथून उत्तर जात नसेल, तर भर ओघात लाइन सुटायची. दोन्ही दिशा मोजायच्या तर तसं वेगळं सांगावं लागे.

वहिनी: आणि नकाशाचं काय? तो पाठवला नाही तर पलीकडच्याला माझी शाखा आहे हे कळणार कसं?

भाऊजी: बहुतेक ठिकाणी स्थिर मार्ग लिहून टाकायचो. लीज्ड लाइन गेली की कमी पसंतीचा मार्ग वर येतो, तो आयएसडीएनकडे बोट दाखवतो. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसांत मार्ग ठरवायची पद्धत, चालवणाऱ्यांसाठी 1995मध्ये आरएफसी 1793 हा मानक-दस्तऐवज आला, डिमांड सर्किटचा, म्हणजे गरजेपुरत्या लाइनचा. एरवी ओएसपीएफमधले शेजारी ठरावीक सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात, आणि मिळालेली माहिती ताजी केली नाही तर ती जुनी होऊन गळून पडते. डिमांड सर्किटवर दोघं आधी ठरवतात: हॅलो बंद, आणि दिलेल्या माहितीचं वय वाढवायचं नाही. लाइन बंद असली तरी शेजारी आहे असं धरायचं. बदल झाला तरच कॉल लावायचा. मला हे फार सुंदर वाटतं, वहिनी. बोलणं थांबलं म्हणजे नातं तुटलं नाही, हे त्या यंत्राला शिकवलं.

वहिनी: यंत्राला शिकवलंत, पण माझ्या सेशनला नाही. लाइन सुटली की माझं सेशन जायचं, पुन्हा पासवर्ड, पुन्हा सगळं.

भाऊजी: इथे मात्र मी अडून बसणार. लाइन सुटल्यानं तुमचं सेशन जात नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या कामात असलेली माणसंही हे एकमेकांत मिसळतात. टीसीपी म्हणजे दोन संगणकांमधलं बोलणं सांभाळणारी पद्धत. तिच्या जोडणीला मुळात धडधड नसते. दोन्ही टोकांच्या संगणकांनी एकमेकांचा पत्ता आणि कुठवर बोलणं झालं ते लक्षात ठेवलेलं असतं, एवढंच. मधली तार तुटली आणि त्या वेळात कोणी काही पाठवलंच नाही, तर दोन्ही टोकांना तुटल्याचा पत्ताही लागत नाही. कीप-अलाइव्ह नावाची तपासणी आहे, पण 1989च्या आरएफसी 1122नुसार ती मुळात बंद असायला हवी, आणि चालू केली तरी मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी नको. म्हणजे दोन मिनिटांनी सुटलेली आणि पुढची कळ दाबताच लागलेली आयएसडीएन लाइन टीसीपीच्या खिजगणतीत नसते. अट एकच: परत आल्यावर पत्ता तोच हवा. घरगुती डायल-अपवर दर वेळी नवा आयपी पत्ता मिळायचा, म्हणून तिथे जुनं सेशन मरायचं. बँकेच्या खासगी जाळ्यात पत्ते ठरलेले असायचे.

वहिनी: मग मारत कोण होतं?

भाऊजी: पलीकडचा सर्व्हर. त्याचं स्वतःचं घड्याळ असतं, सुरक्षेसाठी. काउंटर सोडून कोणी जेवायला गेलं तर पडदा उघडा राहू नये म्हणून. तीन घड्याळं एकावर एक होती: लाइनचं माझं, जोडणीचं टीसीपीचं, आणि वरचं तुमच्या सॉफ्टवेअरचं. तिघं एकमेकांना ओळखत नव्हती. दोष मात्र राउटरला, कारण बंद झालेला दिवा त्याचाच दिसायचा.

वहिनी: बरं. पण पडदा थांबायचा तो तर तुमच्यामुळेच? आयएसडीएनचा कॉल दोन सेकंदांत लागतो असं तुम्हीच सांगायचात. मला तर त्याहून जास्त वेळ लागायचा.

भाऊजी: कॉल लवकर लागतो, म्हणूनच तर तोडायची हिंमत. जुन्या मोडेमला शिट्ट्या वाजवून जुळायला अर्धं मिनिट लागे; तिथे दोन मिनिटांनी लाइन सोडणं म्हणजे छळ झाला असता. पण तुमचं म्हणणं खरं आहे, आणि कारणही आहे. कॉल लागून पीपीपीची, म्हणजे दोन्ही टोकांच्या राउटरांची, ओळखपाळख होईपर्यंत आलेली पॅकेट राउटर टाकून देतो. मग तुमचा संगणक थोडं थांबून ते पॅकेट पुन्हा पाठवतो, तेही गेलं तर दुप्पट थांबून. लाइन तयार झालेली असते आणि तुमचं मशीन अजून थांबलेलं असतं. पॅकेट सांभाळून ठेवणारी होल्ड क्यू राउटरमध्ये होती, पण मुळात बंद. एक ओळ लिहायची, एवढंच.

वहिनी: ती ओळ माझ्या शाखेत होती का?

भाऊजी: सगळीकडे नव्हती.

यावर वहिनी काही बोलत नाहीत, आणि मीही भाऊजींना यातून सोडवणार नाही. रांगेतल्या माणसाच्या वाट्याला आलेले ते सेकंद टाळता येण्यासारखे होते. मीटरवरचा पल्स बिलावर छापून येतो. ते सेकंद कुठेच नोंदले जात नाहीत, म्हणून ते कोणी वाचवत नाही.

भाऊजी: तुम्हाला लाइन तोडू नये असं वाटतं ना? तोडल्याचं लपवायची युक्तीही होती. त्या आधीच्या काळात कार्यालयांत नॉव्हेलचं नेटवेअर असायचं. सर्व्हर सुमारे पाच मिनिटं गप्प राहिलेल्या प्रत्येक वर्कस्टेशनला विचारायचा, आहेस का? त्या प्रश्नासाठी दर वेळी लाइन उघडली तर बिल फुगणार. म्हणून सर्व्हरकडचा राउटर परस्पर उत्तर द्यायचा: आहे, आहे. याला स्पूफिंग म्हणत. लाइन बंद, पण सर्व्हरच्या लेखी वर्कस्टेशन हजर.

वहिनी: आणि क्लार्क घरी गेला असेल, मशीन बंद असेल, तरी?

भाऊजी: तरी हजर. तोच दोष होता. मेलेली सेशन जिवंत दिसायची, आणि परवान्यातल्या जागा अडकून पडायच्या. नवा माणूस लॉगिन करायला आला की जागा शिल्लक नाही.

वहिनी: मग मी तुम्हाला सांगते, हे मला तोडण्यापेक्षा वाईट वाटतं. तोडलं तर निदान कळतं.

भाऊजी: आता माझी बाजू ऐका. पैशाची नाही, दुसरी. विभागीय कार्यालयात आमच्याकडे एक पीआरआय. 30 बी चॅनल. समजा जोडलेल्या शाखा चाळीस. रोज दोन-तीन शाखांची लीज्ड लाइन बिघडते, काही अडत नाही. पण मोठी केबल तुटली की सगळ्या शाखा एकदम डायल करतात. तिसाव्या शाखेपर्यंत ठीक, एकतिसावीला एंगेज टोन. अशा वेळी तुमच्या शाखेनं गप्प लाइन धरून ठेवली, तर ती कोणाची लाइन असते? कन्नडच्या किंवा गंगापूरच्या शाखेतल्या रांगेची. हबच्या राउटरला एखाद्या शाखेकडे कॉल लावायचा आहे आणि चॅनल मोकळा नाही, अशा वेळेसाठी वेगळं, अधिक कडक घड्याळ होतं, फास्ट-आयडल. मूळ आकडा 20 सेकंद. दुसरं कोणी थांबलेलं नसेल तर दोन मिनिटं गप्प बसा. थांबलं असेल तर वीस सेकंद.

वहिनी: हे मला कोणी तेव्हा सांगितलं नाही.

भाऊजी: सांगितलं असतं तर?

वहिनी: तर मी दुपारी तक्रार केली नसती. पण सात तारखेला केली असती. वाळूजला तेव्हा पगार कधी व्हायचे ठाऊक आहे ना? तेव्हा 1936चा वेतनाचा कायदा होता: हजाराहून कमी कामगार असले तर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असले तर दहाव्या. म्हणजे त्या चार दिवसांत बजाजनगर, रांजणगाव, वाळूजजवळचं पंढरपूर सगळीकडून माणसं शाखेत. पाळी सुटली की दारापर्यंत रांग. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली माणसं, भाऊजी. त्या दिवशी माझ्या लाइनला आणि एखाद्या निवांत शाखेच्या लाइनला एकच घड्याळ, हे न्यायाचं नाही. आणि कन्नडला पेन्शनचा दिवस असेल तेव्हा माझं घड्याळ कडक करा, माझी हरकत नाही.

भाऊजी: करता आलं असतं. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा डायलर, प्रत्येकाचं वेगळं घड्याळ. वेळेनुसार चालू-बंद होणारी यादीही लिहिता यायची. आम्हाला तारखा माहीत नव्हत्या.

वहिनी: विचारल्या नव्हत्या.

वाद इथे मिटल्यासारखा वाटेल, पण माझ्या मते तो आज अधिक तीव्र झाला आहे. जानेवारी 2005मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, ब्रॉडबँड कायम चालू राहू लागलं, आकारणी मिनिटांवरून मेगाबाइटवर गेली, आणि आयडल टाइमआउट इतिहासजमा झाला असं अनेकांना वाटलं. तो फक्त जागा बदलून बसला. भाऊजी आता शाखांना आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना 4जी राउटर बसवून देतात. तिथे घड्याळ असतं मधल्या पेटीत, म्हणजे नॅट करणाऱ्या राउटरमध्ये किंवा फायरवॉलमध्ये. आतल्या कोणत्या संगणकाचं बाहेर कोणाशी बोलणं चालू आहे, याची नोंद ती ठेवते. काही वेळ शांतता राहिली की नोंद पुसते.

भाऊजी: आणि हे आमच्या काळापेक्षा निष्ठुर आहे, वहिनी. माझा राउटर तार सोडायचा, पण पुढचं पॅकेट आलं की पुन्हा लावायचा. सेशनला धक्का नाही. नॅटनं नोंद पुसली की पलीकडून येणाऱ्या पॅकेटला घरच सापडत नाही. सेशन तिथेच संपतं, आणि दोन्हीपैकी एकाही टोकाला कोणी कळवत नाही. मानकात आकडा आहे. 2008च्या आरएफसी 5382प्रमाणे जुळलेली टीसीपी जोडणी दोन तास चार मिनिटांच्या आत विसरायची नाही; कीप-अलाइव्हच्या दोन तासांपेक्षा चार मिनिटं जास्त, मुद्दाम. जोडणी न करता बोलणाऱ्या यूडीपीसाठी 2007च्या आरएफसी 4787मध्ये निदान दोन मिनिटं, शिफारस पाच मिनिटांची. पण मोठमोठ्या क्लाउडमधल्या पेट्याही हे पाळत नाहीत. अ‍ॅमेझॉनचं नॅट गेटवे 350 सेकंदांनी विसरतं. सहा मिनिटंसुद्धा नाहीत.

वहिनी: म्हणजे आता तुमची मशीन आम्हाला समजून घ्या म्हणतात.

भाऊजी: हो. पंपाचं रीडिंग दर दहा मिनिटांनी पाठवणारं मशीन मधली दहा मिनिटं गप्प असतं. काम करत असतं, पण गप्प. मधली पेटी म्हणते, रिकामं आहे.

वहिनी: मग यादी करा, भाऊजी. कोण गप्प आहे आणि का, हे आधी विचारून घ्या. घड्याळ मग लावा.

माझा कौल वहिनींकडे आहे, पण भाऊजींच्या तीस चॅनलांसह. लाइन असो की नॅटमधली नोंद, ती मोजकी असते आणि कोणाकडून तरी परत घ्यावीच लागते. म्हणून टाइमआउट असावा. मात्र विक्रेत्यानं कारखान्यातून पाठवलेला आकडा तसाच ठेवणं हा निर्णय नव्हे. आपल्या पतसंस्थेत, दवाखान्यात, कारखान्यात दुपारी जेवणानंतर पहिलाच व्यवहार अडकत असेल, तर नेटवर्क पाहणाऱ्याला बोलावून विचारा: मधली पेटी किती सेकंदांनी विसरते, कोणत्या पॅकेटनं घड्याळ शून्यावर येतं, आणि आमच्या सॉफ्टवेअरचं कीप-अलाइव्ह त्याहून लवकर जातं का. जात नसेल तर ते कमी करून घ्या, आणि दोन्ही आकडे राउटरशेजारी भिंतीवर लिहून लावा.